निमित्त आणि कारण

'निमित्त' आणि 'कारण' हे दोन शब्द आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. शेजाऱ्यांच्या भांडणात मात्र त्यांतले अंतर स्पष्ट दिसते. निमित्त गल्लीत, सर्वांच्या डोळ्यांदेखत घडते. कारण बहुधा घराच्या आत राहते. राग येतो तो निमित्ताचा.

२०१२चा पावसाळा मराठवाड्यात कोरडा गेला आणि २०१३च्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यातील कितीतरी वस्त्या टँकरवर तगून राहिल्या. मंठ्यात आमच्या गल्लीतही टँकरपुढे घागरींची रांग लागे. कोणी किती पाणी नेले याचा हिशेब प्रत्येकाच्या डोळ्यांत असे. एक बाई रोज ठरल्यापेक्षा दोन घागरी जास्त भरीत. कोणी हटकले की, "टँकर काय कुणाच्या बापाचा हाय?" असे ठणकावीत. गल्लीने त्यांना उद्धट ठरवून टाकले.

एका दुपारी शेजारच्या मावशी त्यांच्या घरी जाऊन बसल्या आणि त्यांनी एवढेच विचारले, "वैनी, घरी समदं बरं हाय ना?" तेव्हा कळले की सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत आणि त्यांची अंथरुणे रोज धुवावी लागतात. हे रांगेत, चारचौघांत सांगायचे कसे? ज्याला कारण सांगता येत नाही, तो हक्काची भाषा बोलू लागतो. आपल्याला ऐकू येतो तो उद्धटपणा. त्यामागची लाज ऐकू येत नाही.

"असं का केलं?" हे व्याकरणाने प्रश्नार्थक वाक्य आहे, भर गल्लीत मात्र तो आरोप होतो, आणि आरोपाला उत्तर मिळते ते प्रत्यारोपाचे. मावशींनी प्रश्न बदलला, आणि प्रश्नाची जागाही बदलली.

येथे मुक्ताबाईंच्या 'ताटीच्या अभंगां'ची आठवण होते. लोकांच्या वागण्याने व्यथित होऊन ज्ञानदेव ताटी लावून आत बसले आणि धाकट्या बहिणीने ती उघडण्याची विनवणी केली, अशी परंपरेने सांगितलेली कथा आहे. तिथे ताटी एकच होती. आमच्या गल्लीत दोन लागल्या होत्या: एक लाजेची, दुसरी रागाची.

कारण कळले म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. त्या दोन घागरी रांगेतल्या शेवटच्या घराच्या वाट्यातून जात होत्या, हेही तितकेच खरे. पण राग व्यक्तीवरून व्यवस्थेकडे वळला. आजारी माणसाच्या घराला या वाटपात जागा का नाही, असा प्रश्न प्रथमच निघाला आणि त्या घराला दोन घागरी सर्वांच्या संमतीने मिळू लागल्या. पाणी तेवढेच होते. रोजचे भांडण मात्र थांबले.

१५ ऑगस्ट २००७ पासून राज्यभर महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगाव समित्या नेमल्या गेल्या, तंटे नोंदवून सामोपचाराने मिटवले जाऊ लागले. तो उपक्रम मोलाचाच होता. परंतु नोंदवहीत सहज उतरते ते निमित्त. कारणापर्यंत पोहोचायचे तर कुणीतरी दुपारच्या वेळी, आवाज न चढवता, शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसावे लागते.