पेण ते रोहा : चार स्टेशनांचा प्रवास

पेणचें नांव निघालें कीं गणपति आणि पोह्याचे पापड या दोन गोष्टी प्रथम आठवतात, आणि तें योग्यच आहे. भाद्रपदास चार-चार महिने अवकाश असतांही येथल्या पडव्यांतून मूर्तींच्या रांगा सुकत असतात. विनोबांचा जन्म 1895 सालीं याच तालुक्यांत, गागोदें येथें झाला. परंतु या खेपेस आम्ही गेलों तें आमच्या मामेभावास भेटण्यासाठीं.

दोन वर्षांपूर्वीं वडखळच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली. डोक्यावर शिरस्त्राण नव्हतें. जीव वांचला, हातपाय धड राहिले. पाहुण्यास वाटावें, गृहस्थ पूर्ण बरा झाला! पण चहाचें आधण ठेवून तो विसरे, क्षुल्लक शब्दावर भडके, आणि दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडून राही. शेजारी त्यास आळशी म्हणत, घरचे हट्टी म्हणत.

वास्तविक डोकें आदळतें तेव्हां मेंदु कवटींत हादरतो, आणि कपाळामागचा व कानशिलांजवळचा त्याचा भाग तळाच्या खडबडीत हाडांवर घासला जातो. बेत आखणें, राग आवरणें, नवें लक्षांत ठेवणें हीं कामें बव्हंशीं त्याच भागांचीं. शिवाय खिन्नता. सिएटल येथें 559 रुग्णांचा वर्षभर मागोवा घेऊन 2010 सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत शेंकडा 53 जणांस ती गांठल्याचें आढळलें. तिचा उपचार निराळा करावा लागतो. उपदेशानें ती जात नाहीं. (डॉक्टर दूर असेल तर 2022 पासून सरकारच्या ‘टेलि-मानस’चा 14416 हा दूरध्वनि आहे.)

फिनिअस गेजची कथा पुष्कळांनीं ऐकली असेल. 1848 सालीं अमेरिकेंत रेल्वेच्या कामावर सुरुंग ठासण्याची लोखंडी पहार त्याच्या कवटींतून आरपार गेली, आणि स्वभाव पालटला. कथा सांगणारे येथेंच थांबतात. पुढें हाच मनुष्य चिली देशांत कित्येक वर्षें घोड्यांची प्रवासी गाडी हांकीत होता, हें फारसें कोणी सांगत नाहीं. तोच रस्ता, त्याच वेळा, तींच कामें: या ठराविक क्रमानेंच त्यास सांवरलें असावें, असें अलीकडचे अभ्यासक मानतात.

वहिनींनीं गेजचें नांवही ऐकलेलें नव्हतें, तरी त्यांनीं तोच मार्ग धरला. डॉक्टरांच्या सल्ल्यानें दिवसाचीं कामें ओळीनें एका पाटीवर लिहिलीं, आणि ती मोरीच्या दाराशीं टांगली. अंघोळ, औषध, न्याहारी. मग शेजारच्या कारखान्यांत मूर्तींचे सांधे पॉलिश-कागदानें घासणें. पूर्वीं तेथें डोळ्यांची आखणी त्याच्याकडे असे. आतां ती दुसरा करतो, आणि आखणीच्या दिवशीं हा कारखान्यांत जात नाहीं. पाटीवर त्या दिवसासाठीं वहिनींनीं काय लिहावें, हें अद्याप कोणास सुचलेलें नाहीं.

रोह्यास त्याची बहीण असते. तिच्याकडे एकटें जाण्याचा त्यानें हट्ट धरला. कासू, नागोठणें, निडी, रोहा, अशीं नांवें चिठ्ठीवर लिहून खिशांत ठेवलीं. वहिनींनीं आम्हांस हळूच मागच्या डब्यांत बसविलें. हें आम्हांस रुचलें नाहीं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून नाहीं म्हणवेना. नागोठण्यास तो फलाटावर उतरला. आमच्या छातींत धस्स झालें. त्यानें चिठ्ठी काढली, बोट ठेवून वाचली, आणि पुन्हां गाडींत चढला.

रोहा कुंडलिकेच्या कांठीं आहे. वर भिऱ्याच्या वीजघरांतून पाणी सुटत असल्यानें ही नदी उन्हाळ्यांतही वाहती असते. सायंकाळीं कांठावर बसलों असतां तो पाण्याकडे पाहतच म्हणाला, “भाऊ, तुम्ही मागच्या डब्यांत होतां. उद्यां परत जातांना नका बसूं.”

आम्ही दुसऱ्या दिवशीं दुपारच्या मोटारीनें निघालों.