मरुभूमीचे भविष्य

लागोपाठ दोन वर्षे पाऊस चुकला, की मरुभूमीचे अवर्षण आता कायमचेच, असे वृत्तपत्रे लिहू लागतात. आम्हांस हे भविष्य पटत नाही. राजस्थानात २००२ साली भयंकर दुष्काळ पडला; आणि २००६ च्या ऑगस्टात त्याच प्रांतातील बाडमेरजवळचे कवास गाव पुरात बुडाले! जमिनीखाली जिप्समचा थर, त्यामुळे पाणी मुरेना. ते महिनोन्‌महिने साचून राहिले. माणसे दगावली, गुरे तर अगणित. कोरड्या पात्रात नदी परत येईल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. पृथ्वी तापत आहे, हे आम्हांस मान्य आहे; परंतु तापलेल्या हवेत बाष्पही अधिक मावते, हे भविष्यवादी विसरतात. थरचे जुने लोक मात्र गावतळ्यातील गाळ कोरड्या वर्षीच उपसून ठेवीत.