कंसातलं नाव

गेटवेहून निघालेली कॅटामरान तासाभराच्या आत मांडव्याच्या धक्क्याला लागते. रस्त्याने यायचं तर पनवेल, पेण, वडखळ, अलिबाग असा मोठा वळसा. मुंबई समोर दिसते आणि तरी ती पलीकडची असते. आमची ही निवृत्त झाली त्या वर्षी आम्ही मांडव्याजवळच्या एका वाडीतलं जुनं घर चार महिन्यांसाठी भाड्याने घेतलं, तेव्हा नातेवाइकांनी विचारलं, "पासपोर्ट काढलात का?" चेष्टा होती, पण अगदीच खोटी नव्हती. मध्ये समुद्र आला की माणूस परका होतो.

किल्ली शेजारच्या मावशींकडे होती. त्यांनी ती हिच्या हातावर ठेवली, मुठीत मिटवली आणि म्हणाल्या, "रातीचं कुनी चाललं तर उठू नका हां. त्याच्या घरात तो चालतोय."

घर दगडी जोत्याचं, कौलारू. पुढे पडवी, मग ओटी, माजघर, मागे न्हाणी आणि तिच्यापलीकडे नारळी-पोफळी. वाडीच्या कोपऱ्यात घाण्याची फुटकी दगडी उखळ कलती पडलेली. तिच्या खळग्यात साठलेल्या पाण्यावर बुलबुल यायचे. पहिल्या रात्री दिवे मालवले आणि कौलं बोलू लागली. दिवसभर तापलेलं छप्पर गार होताना टकटक वाजतं, हे ठाऊक असूनही दर आवाजाला श्वास अडकत होता. दोनच्या सुमाराला माळ्यावर खरोखरच पावलं वाजली. चार पावलं, थांबा. पुन्हा चार. मी विजेरी घेऊन शिडीवर चढलो, तर वाशावरून एक लांब काळी शेपटी शांतपणे पलीकडे गेली. उदमांजर. खाली येऊन मी हिला विजयी मुद्रेने बातमी दिली. ती म्हणाली, "बरं झालं. पण मावशी 'तो' म्हणाल्या. तो कोण?"

उत्तर दुसऱ्या दिवशी दारातच सापडलं. उजव्या हाताच्या बाहीवर, खांद्याच्या उंचीला, बोटभर लांबीचा फिकट पट्टा होता आणि त्याच्या दोन टोकांना खिळ्यांची दोन भोकं. पट्टा सरळ नव्हता, तिरका होता. घर दाखवणारा एजंट म्हणाला होता, नावाची पाटी असेल. पण एवढी चिंचोळी पाटी कोण लावतं, तीही तिरकी? तिथे मेझूझा होता. ज्यूंच्या दाराला धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेली लहानशी डबी असते. येता-जाता तिला बोटं लावायची आणि ती ओठांना टेकवायची. पट्ट्याभोवतीचं लाकूड जरा जास्तच गुळगुळीत झालं होतं. कितीक बोटं लागली असतील तिथे!

मावशींना 'ज्यू' हा शब्द परका. त्यांच्या लेखी ते शनवार तेल्यांचं घर. या किनाऱ्यावर बेने इस्राएल ज्यूंना हेच नाव होतं. तेल गाळायचे, आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून. त्यांची परंपरा सांगते की दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. म्हणजे सात जोडपी. ना भाषा, ना ओळख, अंगावरच्या ओल्या कपड्यांनिशी परक्या मुलखात. बुडालेल्यांना त्यांनी नवगावलाच पुरलं; आज तिथे स्मारक आहे. पुढे गावांनी त्यांना आडनावं दिली: किहीमकर, आवासकर, नवगावकर, रोहेकर, पेणकर. मुसा मुसाजी झाला, अब्राहाम अब्राजी. आपल्या समाजाचा इतिहास लिहिणारे हाईम सॅम्युएल किहीमकर याच परिसराचं नाव लावत.

नव्या घरात पाऊल टाकताना हे लोक मलिदा करतात. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, सोबत फळं. ताटाभोवती बसून हिब्रू प्रार्थना, आणि प्रेषित एलियाहू हन्नाबींचं स्मरण. त्यांच्या रथाच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर उमटल्या आहेत अशी श्रद्धा आहे. मला यात मोठी समज दिसते. नव्या घरात न दिसणारा कुणी असणारच, तर त्याला हाकलण्याऐवजी पंगतीला बसवा.

तसा हा किनाराच न दिसणाऱ्यांना वाटा काढून ठेवणारा. समोरच्या खांदेरी बेटावर कोळ्यांचा वेताळ आहे. त्याला नारळ दिल्याखेरीज मन निर्धास्त होत नाही. आणि समुद्राने इथे माणसंही कमी नेलेली नाहीत. १७ जुलै १९४७, दिव्याची अवस. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. सातशेच्या आसपास माणसं होती, सहाशेहून अधिक गेली. रेवसच्या कोळ्यांनी काहींना आपल्या होड्यांत घेऊन वाचवलं. त्याच भाऊच्या धक्क्यावरून मार्च २०२० पासून मांडव्याला रो-रो येते. मोटारी आत घालून लोक वर कॉफी पितात. प्यावीच. पण मावशी आषाढी अवसेला समुद्राकडे पाठ करून दिवा लावत नाहीत.

मग हे तेली गेले कुठे? बुडाले नाहीत, निघून गेले. १९४८ मध्ये इस्राएल झालं आणि पुढच्या काही दशकांत वाड्या विकून, घाणे मोडून बहुतेक घरं उठली. पुन्हा जोडपी, पुन्हा समुद्र, पुन्हा परका मुलूख. तिथे त्यांच्या ज्यूपणावरच धर्मपीठाने शंका घेतली. त्यांनी धरणं धरलं, तेव्हा १९६४ मध्ये ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं सरकारने जाहीर केलं. दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत ते राहिले. 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक तिथून निघू लागलं.

यातलं लोद माझ्या मनातून जात नाही. जुलै १९४८ मध्ये तिथल्या बहुतेक अरब रहिवाशांना हुसकावून लावलं गेलं आणि त्यांच्या रिकाम्या घरांत जगभरातून आलेली कुटुंबं शिरली. बेने इस्राएल नंतर आले. कुणाच्या वाट्याला कसलं घर आलं हे मी सांगू शकत नाही. पण अशा एखाद्या जुन्या दगडी घरात कौलारू घर सोडून आलेलं जोडपं पहिल्या रात्री जागं असेल, तर त्यांनीही पावलं ऐकली असतील. आणि त्याच रात्री मांडव्याकडे त्यांच्या घरात कुणीतरी त्यांची पावलं ऐकत असेल. घर झपाटतं ते मेलेल्यांमुळेच असं नाही. जिवंतपणी उठून गेलेलेही मागे पुष्कळ ठेवून जातात.

पहिल्या शुक्रवारी हिने गोड पोहे केले. मलिदा म्हणण्याचा अधिकार आमचा नाही. नुसते पोहे, खोबरं, वेलची. उंबऱ्याशी पणती लावली. मावशींना बशी दिली. त्यांनी दाराच्या बाहीकडे एकदा पाहिलं, पोहे खाल्ले आणि म्हणाल्या, "साखर कमी झाली."

निघण्याआधी एजंटाने वाडीचा जुना, हाताने लिहिलेला सातबारा दाखवला. घर विकत घ्या म्हणून त्याचा आग्रह होता. मालकाच्या रकान्यात सध्याचं नाव, आणि वर कंसात एक जुनं नाव, 'जी'ने संपणारं. तेव्हा हक्क गेला की नावाला कंस व्हायचा. तलाठी ते पुसत नसे. बाजूला फेरफाराचा नंबर असायचा, म्हणजे नाव कसं गेलं तेही शोधता येतं. एजंट म्हणाला, "ते वरचं सोडा, ते संपलं." मला मावशींचं वाक्य आठवलं. इतके महिने आम्ही ज्याला भूत म्हणत होतो, तो या कंसात बसला होता.

घर आम्ही घेतलं नाही. पैसे नव्हते, एवढंच कारण. पण मांडव्याकडे जागा बघायला हल्ली बरेच जण उतरतात. त्यांना एकच सांगणं आहे. जुना सातबारा वाचताना कंसही वाचा, आणि किल्ली देणाऱ्या मावशींना आधी इथे कोण राहत होतं ते विचारा. उदमांजराचा बंदोबस्त मागाहून करता येतो.