काशीतून दिसणारे आकाश : निरीक्षकाचे स्थान आणि विज्ञानातील वास्तव

विज्ञानातील प्रत्येक निरीक्षण कोणीतरी, कुठूनतरी आणि कशाच्या तरी साहाय्याने केलेले असते. निरीक्षकाचे स्थान, त्याचे यंत्र, मोजमापासाठी त्याने स्वीकारलेले संकेत आणि त्याच्या मनात आधीपासून असलेला सिद्धांत या चारही गोष्टींची छाप निष्कर्षावर पडते. असे असताना विज्ञान ज्या जगाचे वर्णन करते ते जग निरीक्षकावाचूनही तसेच असते काय, असा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर देणारी विचारसरणी म्हणजे वास्तववाद. त्याच्या अगदी टोकाला, विज्ञान ही निसर्गाची हुबेहूब प्रतिमा आहे असे मानणारे आहेत. उलट टोकाला, वैज्ञानिक सत्य म्हणजे त्या त्या काळच्या जाणकारांचे एकमत, त्यापलीकडे काही नाही, असे म्हणणारे आहेत. या दोहोंच्या मधली वाट रोनाल्ड गिअरी यांनी २००६ मध्ये ‘सायंटिफिक पर्स्पेक्टिव्हिझम’ या ग्रंथात आणि मिकेला मासिमी यांनी २०२२ मध्ये ‘पर्स्पेक्टिव्हल रिअ‍ॅलिझम’ या ग्रंथात मांडली. ज्ञान नेहमी कुठल्यातरी दृष्टिकोनातूनच मिळते, पण मिळते ते जगाविषयीचेच ज्ञान असते, असा या दृष्टिकोनवादी वास्तववादाचा आशय.

ही वाट कितपत भक्कम आहे हे पाहायचे तर काशीतील खगोलशास्त्राच्या इतिहासासारखे दुसरे उदाहरण शोधून सापडणे कठीण. चार शतके तेथे आकाशाचे गणित होत आले आणि त्यात महाराष्ट्रातून गेलेल्या घराण्यांचा वाटा मोठा होता.

स्थान

सोळाव्या-सतराव्या शतकांत दोन मराठी ज्योतिषी घराणी काशीत नांदत होती. एक विदर्भातील दधिग्रामचे, दुसरे गोदाकाठच्या गोलग्रामचे. दधिग्रामच्या घराण्यातील रंगनाथाने १६०३ मध्ये सूर्यसिद्धांतावर ‘गूढार्थप्रकाशक’ ही टीका पूर्ण केली. त्याचा पुत्र मुनीश्वर याने १६४६ मध्ये ‘सिद्धांतसार्वभौम’ रचला. गोलग्रामच्या घराण्यातील कमलाकराचा ‘सिद्धांततत्त्वविवेक’ १६५८ चा. मुनीश्वर भास्कराचार्यांचा अभिमानी, तर कमलाकर सूर्यसिद्धांताचा. त्यामुळे दोन्ही घराण्यांत कडाक्याचे वाद झाले.

निरीक्षकाच्या स्थानाचा प्रश्न मात्र या परंपरेने फार पूर्वीच हाती घेतला होता. चंद्रग्रहणात चंद्र पृथ्वीच्या छायेत शिरतो; म्हणून चंद्र जेथून दिसतो तेथून सर्वांना ते एकाच क्षणी, सारखेच दिसते. सूर्यग्रहणात चंद्र आपल्या दृष्टीच्या आड येतो. म्हणून एका गावी खग्रास असलेले ग्रहण दुसऱ्या गावी खंडग्रास असते आणि तिसऱ्या गावी दिसतच नाही. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त हा भेद स्पष्ट केला आहे. पृथ्वीच्या केंद्रातून आणि पृष्ठभागावरून पाहताना ग्रहाच्या जागेत जो फरक दिसतो त्याला लंबन म्हणतात. सूर्यग्रहणाच्या गणितात ते मिळवावे लागते, चंद्रग्रहणाच्या गणितात त्याची गरज पडत नाही.

यातला बोध खोल आहे. प्रत्येक गावाला ग्रहण वेगळे दिसते, म्हणून ग्रहण हा ज्याच्या त्याच्या नजरेचा खेळ ठरत नाही. कोणत्या गावी ते कसे दिसेल हे आधी सांगता येते, आणि ते सांगता येते याचे कारण चंद्र, सूर्य व पृथ्वी यांची मांडणी सर्व गावांसाठी एकच आहे. स्थानाचा परिणाम नेमका समजला, की तो ज्ञानाच्या आड न येता ज्ञानाचेच साधन बनतो.

लंबनाच्या गणितात सिद्धांताची छापही दिसते. सर्व ग्रह दिवसाला सारखेच योजन अंतर चालतात, असे सिद्धांतग्रंथांनी गृहीत धरले होते. त्यावरून प्रत्येक ग्रहाचे परम लंबन त्याच्या दैनिक गतीच्या पंधराव्या हिश्शाएवढे निघे. चंद्राचे लंबन या रीतीने सुमारे ५३ कला येते; आधुनिक मान सरासरी ५७ कला आहे. सूर्याचे मात्र जवळजवळ ४ कला येते, आणि प्रत्यक्षात ते ९ विकलांपेक्षाही कमी आहे. एकच गृहीतक चंद्राच्या बाबतीत खरेपणाच्या जवळ पोचले आणि सूर्याच्या बाबतीत पंचवीस पटींहून अधिक चुकले. चूक गृहीतकाची होती. पण ती चूक ठरली, कारण सूर्याचे अंतर कोणाच्याही गृहीतकावर अवलंबून नव्हते.

साधन

दशाश्वमेधाजवळच्या मानमंदिर घाटावर आमेरच्या मानसिंहाने बांधलेला वाडा आहे. त्याच्या गच्चीवर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंहाने वेधशाळा उभारली. सम्राट यंत्र, दक्षिणोत्तर भित्ती यंत्र, चक्र यंत्र, दिगंश यंत्र ही तिच्यातली प्रमुख यंत्रे.

सम्राट यंत्राची तिरकी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर असावी लागते. त्यासाठी तिचा चढ त्या गावाच्या अक्षांशाएवढा ठेवतात : काशीत सुमारे २५ अंश १८ कला, जयपुरात सुमारे २६ अंश ५५ कला. म्हणजे निरीक्षकाचे स्थान तेथे दगड-चुन्यातच बांधलेले आहे. काशीचे यंत्र उचलून जयपुरात ठेवले तर ते चुकीची वेळ दाखवील.

हे यंत्र दाखवते ती वेळ काशीची, आणि तीही प्रत्यक्ष सूर्याची. नोव्हेंबरच्या आरंभी यंत्रावर मध्यान्ह होते तेव्हा घड्याळात सुमारे ११ वाजून ४२ मिनिटे झालेली असतात. फेब्रुवारीच्या मध्यात सुमारे १२ वाजून १२ मिनिटे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्यामुळे हा फरक वर्षभर बदलत राहतो. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो काशीनंतर साधारण ४१ मिनिटांनी. यांतली कोणतीच वेळ खोटी नाही. एकीवरून दुसरी काढण्याचे नियम ठाऊक आहेत, म्हणून त्या सर्व एकाच परिवलनाच्या नोंदी ठरतात.

यंत्राची मर्यादाही जगच ठरवते. सूर्यबिंब सुमारे अर्धा अंश रुंद असल्याने भिंतीच्या सावलीची कड दोन मिनिटांच्या वेळेएवढी धूसर पडते. यंत्र मोठे केले तर खुणा ठळक होतात, पण त्याच प्रमाणात धूसर पट्टाही रुंदावतो. आपल्या यंत्राला काय दिसत नाही, हे ओळखणे हाही निरीक्षणशास्त्राचाच भाग आहे.

संकेत

काही गोष्टी निसर्ग सांगत नाही. त्या माणसांना ठरवाव्या लागतात. जुन्या ज्यासारण्यांत (ज्या म्हणजे त्रिकोणमितीतील साइन) त्रिज्या ३४३८ कला घेत. कमलाकराने ग्रीक-अरबी परंपरेप्रमाणे ६० भागांची त्रिज्या घेऊन ज्या दिल्या. आकडे पार बदलले, गुणोत्तरे तीच राहिली.

पंचांगाचा वाद याहून गुंतागुंतीचा आहे. १८२१ मध्ये मराठी कुटुंबात जन्मलेले बापूदेव शास्त्री सीहोर येथे लॅन्सलॉट विल्किन्सन यांच्या पाठशाळेत शिकून १८४२ मध्ये काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. सूर्यसिद्धांताचे त्यांचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी ‘नॉटिकल अल्मनॅक’च्या आधारे, म्हणजे प्रत्यक्ष आकाशाशी जुळणारे पंचांग काशीत काढले. महाराष्ट्रात हेच काम केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून पटवर्धनी पंचांगाने आरंभले होते.

त्यानंतरच्या वादात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले. पहिला, संपातबिंदू वर्षाला किती सरकतो? दुसरा, निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून मोजलेल्या राशिचक्राचा आरंभ कोठे मानावा : रेवती नक्षत्रातील एका ताऱ्यापाशी, की चित्रेच्या ताऱ्यासमोर? पहिल्याचे उत्तर निसर्गाकडे आहे. सूर्यसिद्धांताने ही गती वर्षाला ५४ विकला मानली आणि २७ अंशांनंतर ती उलटते असे सांगितले. वेधांतून ती सुमारे ५०.३ विकला, म्हणजे ७२ वर्षांत एक अंश निघते, आणि ती शतकानुशतके एकाच दिशेने चालू राहणारी आहे. रैवत पक्ष असो वा चित्रा पक्ष, कोणालाही हा आकडा बदलता येत नाही. दुसरा प्रश्न संकेताचा आहे. दोन्ही पक्षांच्या आरंभबिंदूंत सुमारे ४ अंशांचे अंतर आहे. त्यामुळे संक्रांती आणि कधी कधी अधिक मासही वेगळे येतात. पण कोणताही वेध यांतला एक आरंभ खरा आणि दुसरा खोटा ठरवू शकत नाही.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात हा प्रश्न संकेतानेच सोडवला. नागरी दिनदर्शिका सायन, म्हणजे संपातबिंदूपासून मोजलेल्या मानाची घेतली, आणि धार्मिक पंचांगांसाठी २१ मार्च १९५६ चा अयनांश, म्हणजे दोन्ही आरंभांतले अंतर, २३ अंश १५ कला धरला. राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून लागू झाली. जे शोधायचे ते शोधावे आणि जे ठरवायचे ते मिळून ठरवावे. या दोहोंची गल्लत झाली, की वाद पिढ्यान्पिढ्या चालतात.

अचल राशी

निरीक्षकाचा वाटा आणि जगाचा वाटा वेगळे काढण्याची सर्वांत काटेकोर रीत सापेक्षता सिद्धांताने दिली. काशीत तिचा अभ्यास विष्णु वासुदेव नारळीकर यांनी रुजवला. कोल्हापूरचे नारळीकर केंब्रिजहून परतून १९३२ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले आणि १९६० पर्यंत तेथे राहिले. प्रकाश व ऊर्जा बाहेर टाकणाऱ्या ताऱ्याच्या गुरुत्वाकर्षणाचे उत्तर प्र. चु. वैद्य यांनी १९४३ मध्ये त्यांच्याच सहवासात काढले.

व्यापक सापेक्षतेत अवकाश-काळातील घटनांना निर्देशांक द्यावे लागतात, आणि ते कसेही देता येतात. त्यामुळे समीकरणात दिसणारी एखादी विचित्रता निसर्गाची आहे की निर्देशांकांच्या निवडीची, हे ओळखणे अवघड जाते. कार्ल श्वार्झशिल्ड यांच्या १९१६ च्या उत्तरात एका ठरावीक त्रिज्येवर एक पद अनंत होते. तेथे अवकाशच तुटते, असे बराच काळ अनेकांना वाटे. १९३३ मध्ये जॉर्ज लमेत्र यांनी हा दोष निर्देशांकांचा असल्याचे दाखवले. निर्देशांक कसेही बदलले तरी न बदलणाऱ्या वक्रतेच्या राशी त्या त्रिज्येवर सांतच राहतात. त्या अनंत होतात फक्त केंद्राशी. नारळीकर आणि के. आर. करमरकर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस वक्रतेच्या अशा १४ अचल राशींचा संच बनारसमध्ये मांडला. ‘दृष्टिकोन बदलूनही टिकते ते काय?’ या तात्त्विक प्रश्नाला त्यातून गणिती रूप मिळाले. अवकाश-काळाचा वस्तुनिष्ठ आशय निर्देशांक काढून टाकून हाती येत नाही. एका निर्देशांक-पद्धतीतून दुसरीत जाताना जे टिकते त्यातून तो हाती येतो.

सिद्धांत

स्थान, साधन आणि संकेत यांचा हिशेब मांडता येतो. सिद्धांताचा मांडणे सर्वांत अवघड. विष्णु नारळीकरांचे पुत्र जयंत नारळीकर बनारसलाच वाढले आणि १९५७ मध्ये विद्यापीठाची पदवी घेऊन केंब्रिजला गेले. विश्वाला आरंभ नाही असे मानणाऱ्या स्थिर स्थिती सिद्धांतावर त्यांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर काम केले. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांचा सूक्ष्मलहरी पार्श्वभूमी प्रारणाचा शोध प्रसिद्ध झाला. बहुतेकांनी त्याचा अर्थ महास्फोटाचा अवशेष असा लावला. हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या आभासी स्थिर स्थिती सिद्धांतात मात्र तेच प्रारण म्हणजे लोहकणांच्या सुईसारख्या स्फटिकांनी समतोलात आणलेला ताऱ्यांचा प्रकाश होता.

निरीक्षण एक, अर्थ दोन. येथे केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे असे समजणे चुकीचे ठरेल. प्रारणाचे तापमान २.७ केल्व्हिन आहे आणि त्याचा वर्णपट कृष्णवस्तूच्या वर्णपटाशी विलक्षण जुळतो, ही गोष्ट दोन्ही पक्षांना मान्य करावी लागली. पुढे या प्रारणातील सूक्ष्म चढउतारांची मोजणी महास्फोट सिद्धांताच्या भाकितांशी तपशीलवार जुळली आणि खगोलशास्त्रज्ञांचा कौल त्या बाजूने पडला. तरीही पर्यायी सिद्धांत मांडणाऱ्यांनी केलेले काम वाया गेले नाही. प्रस्थापित मताला कोणते पुरावे द्यावे लागतील, हे प्रतिपक्षामुळेच स्पष्ट होते.

निरीक्षकाची इच्छा किंवा श्रद्धा निष्कर्षात शिरू नये म्हणूनही विज्ञानाने रीती घडवल्या आहेत. २००८ मध्ये नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रात फलज्योतिषाची चाचणी घेतली, तेव्हा शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवल्या. कोणती कुंडली कोणाची हे ज्योतिष्यांना कळू न देता, ती हुशार मुलाची की मतिमंद मुलाची हे ओळखायला सांगितले. २७ ज्योतिष्यांची उत्तरे आली आणि त्यांतली ४६ टक्के बरोबर निघाली. नाणे उडवूनही याहून वाईट निकाल लागला नसता.

या सर्व उदाहरणांतून दृष्टिकोनवादी वास्तववादाच्या तीन कसोट्या हाती येतात. पहिली, एका दृष्टिकोनातील वर्णन दुसऱ्यात नेण्याचा नियम सांगता आला पाहिजे. लंबन आणि स्थानिक वेळ ही त्याची उदाहरणे. दुसरी, स्वतंत्र दृष्टिकोनांतून तीच राशी मिळाली पाहिजे. संपाताची गती आणि वक्रतेच्या अचल राशी यांत हे दिसते. तिसरी, दृष्टिकोन चुकीचा ठरण्याची वाट खुली असली पाहिजे. सूर्याचे लंबन आणि विश्वोत्पत्तीचे सिद्धांत या वाटेने तपासले गेले. या कसोट्यांना उतरणारे ज्ञान माणसाचे असूनही जगाविषयीचे असते. ‘प्रत्येकाचे सत्य वेगळे’ असे म्हणून मोकळे होणाऱ्याला त्यांचा आधार घेता येत नाही. तसेच आपले स्थान न सांगता अंतिम सत्याचा दावा करणाऱ्यालाही नाही. कुठून पाहिले, कशाने मोजले, काय ठरवून घेतले आणि काय गृहीत धरले, हे जो सांगतो त्याचे ज्ञान इतरांना तपासता येते. वैज्ञानिक ज्ञानावर विश्वास ठेवण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.