शेवाळ

आमच्या घरांतील माशांच्या काचेच्या पेटीला सौभाग्यवती 'तुमचें तळें' असें म्हणतात. त्या शब्दांत कौतुकापेक्षां तक्रारीचाच भाग अधिक असतो, हें सांगावयास नको. सोनपेठसारख्या गांवीं, जेथें वाण नदी उन्हाळ्यांत नुसती वाळू होऊन पडते आणि नळाला पाणी आलें म्हणजे साऱ्या गल्लींत सणासारखी धांवपळ उडते, तेथें 50 लिटर पाणी केवळ पाहण्यासाठीं भरून ठेवणें हा शुद्ध उधळेपणा आहे, असें त्यांचें मत आहे. आणि त्या मताशीं भांडण्याजोगें माझ्याजवळ कांहीं नाहीं. पेटी मुळांत माझी नव्हेच. ती मुलीची. मुलगी लग्न होऊन पुण्यास गेली, पेटी मागें राहिली, आणि मुलींच्या मागें राहणाऱ्या सर्व गोष्टींप्रमाणें ती बापाच्या वांट्याला आली.

पेटींत दहाबारा गप्पी मासे आहेत. डासांच्या अळ्या खाण्यासाठीं आरोग्य खात्याची माणसें डबक्यांत सोडतात, तेच हे. त्यांच्या कुलीनतेबद्दल मी कसलाही दावा करीत नाहीं. तळाशीं नदीची वाळू आणि तिच्यांत रिबिनीसारख्या लांब पानांची वॅलिस्नेरिया. दोन वर्षें हा संसार सुरळीत चालला होता. मग एके दिवशीं सकाळीं एका पानाच्या टोंकाशीं मला एक हिरवा केस दिसला. आठवड्यानें त्या पानाला दाढी आली आणि महिन्यानें पेटींतील एकही झाड ओळखूं येईना. शेवाळानें वेढलेलें कमळही सुंदर दिसतें, असें कालिदासाच्या दुष्यंताला वाटलें खरें. पण तें कमळ रोज सकाळीं उठून साफ करण्याची पाळी त्याच्यावर आली नव्हती.

हें केसाळ शेवाळ म्हणजे एकापुढें एक जोडलेल्या पेशींचे धागे. शाळेंत सूक्ष्मदर्शकाखालीं दाखवितात ती स्पायरोगायरा याच मंडळींपैकीं. त्याला मुळें नाहींत, खोड नाहीं. प्रकाश आणि पाण्यांत विरघळलेलें खाद्य एवढ्यावर तें वाढतें. तेव्हां या दोहोंची रसद तोडावी, असें सर्व जाणते सांगतात. मीं रसद तोडली. रात्रीं वाचतांना सोबत म्हणून बारा बारा तास जळणारा पेटीवरचा दिवा सहा तासांवर आणला. पूर्वेच्या खिडकीला वर्तमानपत्र चिकटविलें. माशांना दिवसांतून तीनदां मिळणारी चिमूट एकदांच मिळूं लागली. ते काचेपाशीं येऊन माझ्याकडे ज्या नजरेनें पाहात, ती मी अद्याप विसरलों नाहीं. दांत घांसण्याचा जुना ब्रश पाण्यांत फिरवावा, म्हणजे टकळीवर सूत गुंडाळलें जावें तसे ते धागे त्याला गुंडाळून येतात. हा उद्योग मात्र मला मनापासून आवडला. तीन दिवस पेटीवर घोंगडी टाकून पूर्ण अंधारही करून पाहिला. शेवाळ पिवळें पडलें, आणि दहा दिवसांत पुन्हां हिरवें झालें.

जपानचे ताकाशी अमानो यांनीं पाणवनस्पतींच्या पेट्या सजविण्याची कला जगभर नेली. शेवाळ खाणारी एक लहानशी कोळंबी त्यांनीं या कामाला लावली आणि आतां ती त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. परळीच्या एका दुकानांत मीं तिची चौकशी केली, तेव्हां दुकानदारानें अत्यंत सहानुभूतीनें विचारलें, "काका, खायला पाहिजे का?" मीं तो विषय सोडून दिला.

राहिला एक उपाय, आणि तो सर्वांत थोर मानला जातो: पाणी बदलणें. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टननें 1850 च्या सुमारास दोन मासे, वॅलिस्नेरिया आणि थोड्या गोगलगायी एकत्र ठेवून पाणी न बदलतां पेटी निर्मळ राखली होती; तें वाचून मला मत्सर वाटला. माझें आठवड्यांतून दोनदां एक तृतीयांश पाणी जात होतें. जुनें पाणी तुळशीला आणि कढीपत्त्याला घालून मी सौभाग्यवतींच्या नजरेंतून सुटण्याचा प्रयत्न करीत होतों; नवें पाणी परसांतल्या बोअरचें. चमत्कार असा कीं, पाणी बदललें कीं दोन दिवसांत शेवाळ अधिकच तरारून येई. मीं तो माझ्या आळसाचा दोष मानला आणि दोनाचे तीनदां केलें.

आषाढांत मुलगी बाळंतपणासाठीं आली. सातवा महिना होता. पेटी पाहून ती हंसली नाहीं, हेंच पुष्कळ. येतांना तिनें पाणी तपासण्याच्या कागदी पट्ट्या आणल्या होत्या. एक पट्टी तिनें पेटींत बुडविली. ती गडद गुलाबी झाली.

"बाबा, पाणी कधीं बदललंत?"

"कालच."

ती क्षणभर थांबली. मग दुसरी पट्टी घेऊन स्वयंपाकघरांत गेली आणि पिण्याच्या हंड्यांत बुडविली. नळाचें पाणी संपलें कीं तो हंडा बोअरच्याच पाण्यानें भरत असे. ती पट्टी पहिलीपेक्षांही गडद निघाली. सौभाग्यवती पोळी लाटीत होत्या; त्यांचें लाटणें थांबलें.

पट्टीनें दाखविलें होतें तें नायट्रेट. उसाला दिलेला युरिया, गोठ्यामागचा उकिरडा, घरोघरचे शोषखड्डे यांतून तें जमिनींत झिरपतें. आमचें बोअर तर शोषखड्ड्यापासून वीस पावलांवर. वनस्पतींचें तें खाद्य. मी बादलीमागून बादली ओतून शेवाळाला जेवूं घालीत होतों. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालांत या बाबतींत विशेष बाधित म्हणून आमच्या शेजारचे बीड व नांदेड हे जिल्हे आले आहेत. पाणी जिल्ह्याची शीव पाळीत नाहीं. पिण्याच्या पाण्यांत लिटरमागें 45 मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा. परभणीहून तपासून आलेला आमचा आकडा जवळजवळ तिच्या दुप्पट होता.

मोठ्या माणसाला याची बाधा सहसा लौकर जाणवत नाहीं. तान्ह्याला मात्र जाणवते. अशा पाण्यांत कालविलेलें वरचें दूध पाजलेलीं अर्भकें निळीं पडतात, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ति उणावते. अमेरिकेंत आयोवा येथील डॉ. हंटर कॉम्ली यांनीं 1945 सालीं हें प्रथम मांडलें. पाणी उकळण्याचा येथें उपयोग नाहीं. उकळल्यानें जंतू मरतात. नायट्रेट मरत नाहीं, उलट पाणी आटेल तसें तें दाट होतें. आणि आमच्या घरीं बाळंतिणीसाठीं व बाळासाठीं पाणी उकळून ठेवण्याचें नवें पातेलें आधींच घांसून ठेवलेलें होतें.

त्या दिवसापासून पिण्याला व स्वयंपाकाला शुद्ध केलेल्या पाण्याचे जार येऊं लागले. नातू भाद्रपदांत झाला. पहिले पंधरा दिवस त्याला वरचें दूध द्यावें लागलें. त्या पंधरवड्यांत मी रात्रीं दोनदोनदां उठून त्याचीं नखें व ओंठ पाहात असें. ते गुलाबीच होते.

पेटीची हकीगत थोडक्यांत सांगतों. पत्र्यावरून पडणारें पावसाचें पाणी मीं पिंपांत धरलें आणि बोअरच्या पाण्यांत निम्मेंनिम मिसळून तेंच, तेंही आठवड्यांतून एकदांच, घालूं लागलों. नुसतें पावसाचें घातलें तर क्षार फार उतरतात आणि गप्पींना तें मानवत नाहीं. वाणेंतून हायड्रिलाच्या चार काड्या आणून सोडल्या. ही वनस्पती अधाशी. शेवाळाच्या ताटांतलें ती आधीं उचलते. दिवा सहाच तास. दिवाळीपर्यंत वॅलिस्नेरियाचीं पानें पुन्हां दिसूं लागलीं.

माघांत पिंप आटलें. त्या आठवड्यांत मीं निरुपायानें नुसतें बोअरचेंच पाणी घातलें आणि कोणास बोललों नाहीं. चौथ्या दिवशीं सौभाग्यवती नातवाला कडेवर घेऊन पेटीपाशीं उभ्या होत्या. पूर्वी त्या तिकडे फिरकत नसत.

"अहो," त्या म्हणाल्या, "आपल्या तळ्याला पुन्हां केस आले बघा."