हिरवी तार

सप्टेंबरातल्या एका ओल्या संध्याकाळी, बंगळुरूत जयनगरच्या चौथ्या ब्लॉकजवळ मी माझ्या विजेवरच्या एकचाकीवरून पडलो. वेग पायी चालण्याइतकाच होता, म्हणून कोपर सोलपटण्यावर भागलं. पण पडण्याआधी चाक पायाखाली थडथडलं होतं, थंडीत दात वाजतात तसं. ती थडथड डोक्यातून जाईना.

स्कूटरची मोटार बंद पडली तर स्कूटर घरंगळत थांबते. एकचाकीचं तसं नाही. आपण पुढे झुकलो की आतला जायरोस्कोप तो कल टिपतो, आणि मोटार लगेच जोर लावून चाक आपल्या खाली आणते. सगळा तोल मोटारीच्या जिवावर. तिने क्षणभर साथ सोडली की माणूस तोंडावर आपटतो. त्यामुळे दोष हाती लागेपर्यंत एकचाकीवर पाय ठेवायचा नाही, असं मी ठरवलं.

दुरुस्ती करणाऱ्या एकाकडे नेली, तर तिथे ती शहाण्यासारखी चालली. त्याने न उघडताच कंट्रोलर बोर्ड बदलायला सांगितलं. कशामुळे, ते मात्र सांगता येईना. मी गाडी घरी आणली.

पहिला संशय बॅटरीवर. सेलचे 16 गट एकापुढे एक जोडलेले, प्रत्येकी 4.2 व्होल्ट म्हणजे पूर्ण भरल्यावर 67.2. मल्टिमीटरवर 65.1 आले. गट एकेक करून मोजले, फरक 0.02 व्होल्टचा. पावसाचं पाणी आत गेलं असणार या समजुतीत मी अख्खा शनिवार बॅटरीच चाचपत बसलो.

रविवारी अण्णांना फोन केला. इचलकरंजीत त्यांनी यंत्रमागाच्या मोटारी रिवाइंड करण्यात आयुष्य काढलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “अरे, मोटार हातानं फिरवून बघितलीस का? तारा सोडून फिरव, मग जोडून फिरव. हाताला काय लागतंय ते सांग.”

बॅटरी काढली, तरी बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. तो आधी बल्ब लावून उतरवला. मग मोटारीच्या तीन जाड तारा सोडल्या. चाक हलकं फिरलं. तारा पुन्हा जोडल्या, तरी तितकंच हलकं. मोटारीचा प्रवाह चालू-बंद करणारा बोर्डावरचा एखादा मॉस्फेट शॉर्ट झाला असता तर चाक अडखळत, जड फिरलं असतं. मल्टिमीटरच्या डायोड मोडवर सगळे मॉस्फेट तपासले, तेही ठीक निघाले. म्हणजे जो बोर्ड बदलायला सांगितला होता, त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं.

उरले हॉल सेन्सर. चुंबक आत्ता कुठे आहे हे बोर्डाला सांगणारे हे तीन पहारेकरी. त्यांच्या तारा पिवळी, हिरवी आणि निळी. बॅटरी परत जोडली. गाडी चालू करून आडवी निजवली की बोर्ड मोटारीचा जोर काढून घेतो, सेन्सरना मात्र 5 व्होल्ट मिळत राहतात. चाक हळूहळू फिरवलं, की प्रत्येक तारेवर कधी 0, कधी 5 दिसायला हवेत. तिन्हींवर तसे दिसले! मी हताश झालो. “केबल वाकवून बघ,” अण्णा फोनवर म्हणाले. आसातून केबल बाहेर येते तिथे ती जराशी वाकवली, आणि हिरवी तार 5 वर अडकून बसली. सोडली, पुन्हा ठीक.

तुटलेल्या तारेच्या टोकाला बोर्डाचेच 5 व्होल्ट दिसतात. चाक फिरताना सेन्सरची सहा वेगवेगळी उत्तरं पाळीपाळीने यायला हवीत. हिरवी अडकली की त्यातली तीन चुकतात, आणि एक तर असं येतं की तिन्ही सेन्सर एकदम ‘हो’ म्हणतात. ही मोटार ठीक असताना असं कधीच घडत नाही. बोर्डाने तरी चाक कुठे ढकलायचं?

मेट्रोने चिकपेटला उतरलो आणि एसपी रोडवरून सिलिकॉन आवरणाची बारीक तार आणि हीटश्रिंक नळी आणली. मोटार उघडताना चुंबक झाकण असं ओढून घेतात की बोट चेंगरायचं, हातमोजे हवेतच. आसाच्या पोकळीतून नवी तार ओवायला अर्धा दिवस गेला. जुनी काढून पाहिली, तर वरचं आवरण अखंड आणि आतले तांब्याचे धागे तुटलेले.

केबल वाकवून, पिळून, चाक फिरवून तासभर मोजत राहिलो. हिरवी एकदाही अडकली नाही. मगच हेल्मेट, कोपर आणि मनगटाची पॅड चढवून तीन संध्याकाळी तळघरातल्या पार्किंगमध्ये चालवली, आणि नंतर रस्त्यावर काढली.

एकचाकी वापरणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. चाक एकदा जरी थडथडलं, तरी ‘आता चालतंय ना’ म्हणून त्यावर उभं राहू नका. बोर्ड बदलण्याआधी आसाजवळची केबल वाकवून त्या तीन बारीक तारांवरचे व्होल्ट मोजा.