मडगार्डवरचा दिवा

तुमच्या घरी ट्रॅक्टर असेल, तर कंपनीने दिलेल्या दिव्यांखेरीज आणखी एखादा दिवा मागच्या मडगार्डवर तुम्ही बसवलेला असेलच. नसेल, तर येत्या हंगामात बसवाल. रात्रीचा नांगर आणि रात्रीची मळणी आता कुणाला चुकली आहे? म्हणून आमच्या घरी घडलेले सांगतो. त्यात माझी बढाई काही नाही, उलट फजितीच आहे.

आमचे शेत नरसी नामदेवच्या शिवारात, कयाधूच्या अंगाला. २०१९ च्या ऑक्टोबरात पाऊस मराठवाडा सोडायला तयार नव्हता, हे तुम्हाला आठवत असेल. सोयाबीन कापून सुडी घातलेली, वर ताडपत्री. दोन दिवस ऊन पडायचे की पुन्हा आभाळ भरून यायचे. शेंगेतच कोंब फुटायची भीती. अशात हडंबा मिळाला तो नेमका रात्रीचा. हडंब्याच्या तोंडाशी पेंढ्या सारणाऱ्या माणसाला उजेड लागतोच. तिथे अंदाजाने हात घालून चालत नाही. म्हणून मी दुपारीच ५५ वॉटचे दोन दिवे आणले आणि स्वतःच बसवले. मिस्तरीला कशाला पैसे द्यायचे?

वायर कोणती, तर घराच्या फिटिंगमधून उरलेली. एक टोक थेट बॅटरीच्या प्लसला. तिथून वायर मडगार्डच्या पत्र्याला पाडलेल्या भोकातून वर, मग बटण, मग दिवे. बटण दाबले, उजेड पडला. जरा पिवळट होता, पण पडला. मी खूश.

दोनेक तास मळणी झाली असेल. भुसकट उडून ट्रॅक्टरवर थर बसला होता. मंडळी सुडीवरून पेंढ्या देत होती, ती एकदम थांबली आणि म्हणाली, "आहो, कायतरी जळायलंय."

मी म्हटले, पट्टा तापला असेल. "पट्ट्याचा वास न्हाई ह्यो," ती म्हणाली आणि खाली उतरली. तेवढ्यात दिवे गेले. बॅटरी मारून पाहिले, तर मडगार्डच्या भोकाशी वायरीवरचे प्लास्टिक मेणासारखे गळत होते आणि खालच्या भुसकटाने पेट घेतला होता. सुडी तिथून चार पावलांवर. वर्षाचे सोयाबीन होते त्यात.

मी बटण बंद केले. धूर थांबला नाही. चावी काढली, इंजिन बंद पडले, तरी धूर चालूच! तेव्हा मात्र माझे हातपाय गळाले. पुतण्या पाना शोधत फिरत होता आणि पाना राहिला होता गोठ्यात. मंडळीने काय केले, तर ओंजळीने माती उचलून त्या भुसकटावर टाकत राहिली आणि ओरडली, "आधी ती वायर तोडा!" मी ओले पोते हाताला गुंडाळून बॅटरीवरून वायर हिसकून काढली. तळहाताला फोड आले ते आलेच. सुडी वाचली. हडंबेवाल्याने पुढची मळणी उजाडल्यावरच केली.

बटण बंद करूनही धूर का थांबला नाही, हे मला दुसऱ्या आठवड्यात हिंगोलीच्या एका वायरमन पोराने समजावले. ट्रॅक्टरचा सगळा सांगाडा बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. भोकाच्या धारदार कडेवर हादऱ्याने वायर घासली, प्लास्टिक कापले गेले आणि तांबे पत्र्याला टेकले. हे झाले बटणाच्या अलीकडे. मग बटणाचा आणि चावीचा त्याच्याशी संबंध काय? इंजिन फिरवायला बॅटरी एका दमात शेकडो अँपिअर देते. तेवढी ताकद माझ्या बारीक वायरीवर उतरली.

"काका, घरात मीटरपाशी फ्यूज आहे ना? मग इथं का न्हाई लावला?" त्याने विचारले. मला उत्तर देता आले नाही.

त्याने नव्याने जोडणी केली ती मी शेजारी बसून पाहिली. ५५ वॉटला १२ व्होल्टने भागले की साडेचारच्या थोडे वर अँपिअर येतात. दोन दिव्यांचे नऊच्या वर. म्हणून १५ अँपिअरचा फ्यूज, आणि तोही बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आतच. फ्यूज दिव्यासाठी नसून वायरीसाठी असतो, त्यामुळे तो दिव्याजवळ लावला तर मधली सगळी वायर उघडी राहते. वायर अडीच चौरस मिलिमीटरची, अनेक तारांची. पत्र्याच्या प्रत्येक भोकात रबरी बूच.

मग रिले. हे नाव ऐकून घाबरू नका. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर तुम्ही रोज दाबता. बोटाखालचे बटण लहान, पण मोठा प्रवाह आतल्या जाड पट्ट्यांतून जातो. रिले म्हणजे दिव्यांचा तसाच स्टार्टर. त्यावर आकडे छापलेले असतात: ३० ला फ्यूजमधून आलेली बॅटरी, ८७ वरून दिवे, ८६ ला बटणाची बारीक वायर आणि ८५ सांगाड्याला. बटणाला वीज चावीतून दिली, म्हणजे चावी काढली की दिवे विसरून जळत राहत नाहीत आणि सकाळी ट्रॅक्टर ढकलावा लागत नाही.

सांगाड्याला वायर जोडताना त्याने रंग खरवडून लखलखीत लोखंड काढले. रंगावर किंवा गंजावर नट आवळला तर दिवा लुकलुकतो. हडंब्याच्या तोंडाशी लुकलुकता दिवा अंधारापेक्षा वाईट.

आता बाजारात एलईडीचे दिवे आले आहेत. ते ओढतात कमी, बॅटरीला बरे. पण फ्यूज त्यांनाही लागतोच, आणि डोळे दिपवण्यात ते चार पावले पुढे आहेत. शेतातून रस्त्याला लागताना मागचा दिवा बंद करायला विसरू नका. आषाढीनंतर परतवारीला आमच्या नरसीच्या रस्त्यांवर पायी माणसांची रीघ असते. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याच्या डोळ्यांवर पांढरा झोत पडला तर त्याला ना दिंडी दिसणार ना ट्रॉली. पुढे स्पॉट लाइट लावायचा तर १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे आगाऊ परवानगी लागते, हेही बरेच जण जाणत नाहीत.

वायरमन निघाला तेव्हा मंडळीने त्याला थांबवून विचारले, "आग लागली तर आधी काय सोडायचं?" त्याने दाखवले: आधी निगेटिव्ह, प्लस आधी सोडायला गेले आणि पाना सांगाड्याला टेकला, तर तिथेच ठिणगी. तिने त्याच्यासमोर नट एकदा सोडून पुन्हा आवळला. मग बॅटरीच्या नटाला बसणारा पाना तिने सुतळीने बॅटरीच्या पेटीलाच बांधून टाकला. तो तिथेच लटकतो आहे. मागच्या महिन्यात पुतण्या दुसऱ्या कामासाठी तो सोडायला गेला, तर तिने त्याला गोठ्यातला आणायला लावला.